दहा साड्यांचं डिझाइन

मुलांनो, तुम्हीही आता प्रोग्रामिंग शिकायला लागलात, म्हणून हे लिहिते. आपल्या वडगावातल्या शेजारच्या विणकराची मुलगी त्याच विषयात नापास झाली होती. पुन्हा नापास झाली तर कॉलेज बंद, असं घरी ठरलं होतं. मी तिला त्या विषयाचं इंग्रजी पुस्तक समजावून देई. 'क्लास म्हणजे नमुना, ऑब्जेक्ट म्हणजे त्यावरून केलेली वस्तू,' हे तिने पाठ केलं आणि सराव म्हणून वहीत दहा साड्यांसाठी दहा क्लास लिहिले. चूक मलाही दिसली नाही. माझ्याकडून तिला न्यायला आलेल्या वडिलांना तिने वही वाचून दाखवली.

"दहा साड्यांना दहा डिझाइनं व्हय गं? मागावर डिझाइन एकच चढवतो, रंग तेवढा बदलतो."

तिने नऊ क्लास खोडले आणि उरलेल्या एकावरून दहा ऑब्जेक्ट केले. ती पास झाली. तिचं कॉलेज अजून चालू आहे.