क्लिपच्या पुढचं

कल्पना करा, तुम्ही शाळेची पिवळी बस चालवताय. उत्तर मिनेसोटातला जानेवारी, रस्त्यावर काचेसारखा बर्फ, पाठीमागे बसभर पोरं. दोन्ही हात स्टिअरिंगवर हवेत. आणि मागच्या कुठल्यातरी बाकावरून, कुणाच्यातरी फोनमधून, तुमचा मेलेला मुलगा ओरडतो, "मेलो! आई आता जिवंत सोडत नाही मला!" पोरं खिदळतात. कान झाकायची सोय नाही.

लोर्ना हापाला नावाची बाई हे रोज करते.

क्लिप सगळ्यांच्या ओळखीची आहे. गोठलेलं तळं, बर्फ फुटून पाण्यात नाक खुपसून कलंडलेली पिकअप, शेजारी नखशिखांत भिजलेला तरुण. तो ते वाक्य म्हणतो आणि क्लिप संपते. पण वाक्य देशभर फिरलं. दूध सांडलं, पेपर बुडला, आवडता संघ हरला, की म्हणायचं, "आई जिवंत सोडत नाही!" मगांवर छापलं, टी-शर्टांवर छापलं. त्या पोराचं नाव आर्लन होतं हे फार थोड्यांना ठाऊक. तो मेला, हे त्याहून थोड्यांना.

पिकअप लोर्नाची होती. गोठलेल्या तळ्यावर गाडी न्यायची तर सीटबेल्ट सोडायचा, काच खाली ठेवायची, हे तिनेच त्याला शिकवलेलं. ते त्याने पाळलं, म्हणून तर खिडकीतून बाहेर पडला. पण सकाळी किल्ली देताना ती आणखी एक गोष्ट बोलली होती. "ओरखडा जरी आला ना गाडीला, तर जिवंत सोडणार नाही."

शूटिंग करणारा त्याचा मित्र डेल मान खाली घालून क्लिप दोस्तांना पाठवत होता. त्याने वर पाहिलं तेव्हा ना गाडी, ना आर्लन, बर्फात नुसतं भगदाड होतं. आर्लनच्या ओल्या पावलांचे ठसे गाडीच्या दिशेने परत गेले होते. अँब्युलन्स तळ्यावर पोचायच्या आत क्लिप गावभर पोचली होती आणि लोक पोट धरून हसत होते.

आता तिच्या गावात तिच्यासमोर कुणी ते वाक्य काढत नाही. ती दुकानात शिरली की बोलणी थांबतात. त्या शांततेला कंटाळून तिने शेजारच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, बस चालवायची नोकरी धरली. तिथे तिला कुणी ओळखत नव्हतं. वाक्य मात्र तिच्या आधी येऊन बसलं होतं.

मंगळवारी सकाळी वळणावर बस घसरली आणि मागचं चाक बर्फाच्या ढिगात रुतलं. कुणाला खरचटलंही नाही. मग कुणीतरी सुरुवात केली आणि अख्खी बस एका सुरात ओरडली, "मेलो! आई आता जिवंत सोडत नाही मला!"

लोर्नाने इंजिन बंद केलं. रेडिओवरून मदत मागवली. मग ती उठून मागे गेली.

"कुणाकडे आहे ती क्लिप?"

ब्रिटा नावाच्या मुलीने फोन मांडीखाली सरकवला.

"अगं, रागावत नाहीये मी. लाव."

"तुम्हालाही आवडतं हे, मिस लोर्ना?"

आजवर लोर्नाने ते नुसतं ऐकलं होतं. पाहायचं धाडस झालं नव्हतं. ब्रिटाने लावलं. लोर्ना वाकून पाहत राहिली. केस कपाळाला चिकटलेले. ओठ निळे.

"पुढचं लाव."

"पुढचं नसतंच. एवढंच असतं."

"बरं, मग परत लाव. आणि नीट बघून सांगा मला. तो हसतोय, की घाबरलाय?"

"हॅ, हसतोय! दात बघा ना," मागून एक पोरगा म्हणाला.

"दात थंडीने वाजतायत, बावळट," पुढच्या बाकावरचा एक चिमुरडा म्हणाला. "घाबरलाय तो. बाबा ओरडणार असले की माझा दादापण असाच हसतो."

"ए, गप रे. कळतं का तुला काही? जोक आहे तो!"

ब्रिटाने लोर्नाकडे पाहिलं. "हसतोयच तो, मिस लोर्ना. शप्पथ."

लोर्ना त्या छोट्या पडद्यावरून नजर काढेना.

"हसत होता ना," ती म्हणाली, "मग परत गाडीकडे का गेला?"