अर्ध्या मुळाचा दात

"अहो आजोबा, उपटायला अक्कल नाही लागत, पक्कड लागते! जरा दम धरा की."

सायकलदुरुस्तीच्या दुकानावरची ती एक खोली, एकच खुर्ची आणि दातांच्या डॉक्टरीणबाई. सव्वीस वर्षं सगळ्यांना "थांबा, थांबा" म्हणून थोपवलेलं, म्हणून गल्लीनं त्यांना थांबाबाई करून टाकलेलं.

आजोबा नळजोडणीवाले. त्यांची आठ वर्षांची नात वर्षापूर्वी झोपाळ्यावरून तोंडावर आपटली. समोरचा पक्का दात मोडला आणि आतून मेला. त्या वयात दाताचं मूळ अर्धंच झालेलं, टोकाला उघडं.

आजोबांना सगळ्या जगात पाइपच दिसे. तेव्हाच म्हणाले, "टोक उघडंय ना? मग ठासा सिमेंट काठोकाठ, नाहीतर उपटून टाका!"

"आणि भिंत कागदाएवढी पातळ, ती तडकली म्हणजे? तुमचा पाइप वाढत नाही, आजोबा. हा वाढेल."

बाईंनी तेव्हा दाताच्या आतली घाण धुऊन काढली. मग बारीक सुईनं टोकाशी डिवचून मुद्दाम रक्त आणलं. सगळा जन्म रक्त थांबवण्यात गेलेला, आणि इथं त्याला या बसा म्हणत होत्या. त्या गुठळीच्या आधारानं मूळ वाढलं तर वाढलं. वर काठोकाठ नाही, चिमूटभर सिमेंटचं झाकण. वर्षानं पुन्हा एक्स-रे फोटो काढायचा. मूळ तसंच राहिलं, तर दात उपटून आजोबांच्या स्वाधीन.

आज ते वर्ष भरलं होतं. बाईंनी फिल्म दिव्यासमोर धरली आणि त्यांचा चेहरा पडला. मूळ आखूड, टोक आ वासलेलं. इंचभर काय, केसभरही वाढलेलं नाही.

"म्हटलं नव्हतं?" आजोबा उठलेच.

नातीनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. "मी नाही देणार!"

तेवढ्यात मदतनीस मावशी पडद्यामागच्या अंधाऱ्या कोपऱ्यातून ओरडल्या, "अहो बाई, ती गेल्या वर्षीची! आजची इथं चिमट्याला लटकतेय, ओली आहे अजून."

बाईंनी जीभ चावली. ओली फिल्म आली, पाणी टपटपत. मूळ चांगलं लांबलेलं, भिंत जाड, टोक मिटत आलेलं.

आजोबांनी चष्मा वर-खाली केला. "जोड कुठं दिसत नाही," ते पुटपुटले. कुणाच्या कामाला त्यांनी एवढं चांगलं कधी म्हटलेलं नव्हतं.

"हात काढ गं तोंडावरचा. राहिला तुझा दात," म्हणत बाईंनी फिल्म मावशींच्या हातात दिली, हातमोजे बदलले आणि दाराकडे मान वळवली. "चला, पुढचं कोण? तोंड उघडतच आत या."