डाव्या पायाचा गिअर

फौजेत मी बावीस वर्षं गाड्या चालवल्या. ट्रक, जीप, आणि सगळ्यात जास्त मोटरसायकल, कारण युनिटची डाक पोचवायचं काम बरीच वर्षं माझ्याकडंच होतं. हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि उंब्रजजवळच्या आमच्या गावात येऊन उसाला पाणी पाजायला लागलो. गावात मला मेजर म्हणतात. आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येकजण मेजरच असतो.

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी कडबाकुट्टीच्या यंत्रात माझा डावा हात सापडला. अंगठा गेला आणि शेजारच्या बोटाची दोन पेरं गेली. बायको गोठ्यात शेण काढत होती. हातातली पाटी टाकून ती धावत आली आणि तिनं यंत्राचा खटका बंद केला, म्हणून बाकीची तीन बोटं राहिली. दवाखान्यातून घरी आल्यावर मी आधी माझ्या मोटरसायकलवर जाऊन बसलो आणि क्लच दाबून पाहिला. तो अर्धासुद्धा आत गेला नाही. अंगठ्याचा आधार नसला की बाकीच्या बोटांना जोरच येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

गाडी विकून टाकली. स्कूटर चालवून पाहिली. तिच्यावर बाजार व्हायचा, दळण यायचं, पण गाडी चालवल्यासारखं वाटायचं नाही. घरातून बाहेर पडलं की हात पँटच्या खिशात जायला लागला. लग्नाकार्यात कुणी टॉवेल-टोपी द्यायला आलं की मी तो हात तसाच ठेवून उजव्यानं घ्यायचो. लोक समजून घ्यायचे, कुणी काही विचारायचं नाही. त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

पुण्यात नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीनं एकदा फोनवर सांगितलं, "बाबा, बिनक्लचची मोठी मोटरसायकल असते. आत दोन क्लच असतात, पण ते मशीनच चालवतं. आपण नुसता एक्सलेटर पिळायचा."

"म्हंजी स्कूटरच की."

"स्कूटर नाही हो! तुमच्या साहेबांकडं आहे बघा पाचगणीला. त्यांना विचारा."

साहेब म्हणजे माझ्या युनिटमधले जुने अधिकारी. निवृत्त होऊन पाचगणीत राहिले होते. फोन केला तर म्हणाले, "हवालदार, माझे गुडघे आता तिचं वजन पेलत नाहीत. तू येऊन घेऊन जा."

बायकोला घेऊन एस्टीनं पाचगणीला गेलो. बंगल्याच्या दारात गाडी उभी होती, घोड्यासारखी उंच. डाव्या हाताला क्लच नव्हता आणि डाव्या पायाशी गिअरचा दांडाही नव्हता. साहेबांनी दाखवलं, की ती गिअर स्वतःच बदलते, आणि आपल्याला बदलायचा असला तर डाव्या मुठीजवळ दोन बटणं आहेत. गिअर वाढवायचं बटण पहिल्या बोटाशी, उतरवायचं अंगठ्याशी. सांगता सांगता त्यांचं लक्ष माझ्या खिशाकडं गेलं आणि ते थांबले.

"बटणं नाही लागत फारशी," ते म्हणाले. "गाडी हुशार आहे."

बायको मागं बसायला तयार झाली नाही. "मी येष्टीनं जाते," ती म्हणाली. "वाईच्या स्टँडवर थांबते. तुमी या मागनं."

सपाटीला गाडी खरंच हुशार होती. पसरणीचा घाट उतरायला लागलो आणि तिची हुशारी माझ्याशी जुळेना. घाट उतरताना खालचा गिअर टाकून इंजिनाच्या जोरावर गाडी आवरायची, ही माझी आयुष्यभराची सवय. एका वळणावर मला दुसरा गिअर हवा होता आणि ती तिसऱ्यातच राहिली. मी अंगठ्यानं बटण दाबायला गेलो. अंगठा नव्हता. तळवा वळवून बटणावर टेकवला तशी मूठ सैल झाली आणि हँडल हललं. तेवढ्यात माझ्या डाव्या पायानं जोरात खाली दाबलं, पण पायाखाली नुसती हवा होती.

ब्रेकवर कशीबशी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद करून तिथंच थांबलो. शेजारून एस्टी गेली आणि तिच्या खिडकीत बायको दिसली.

वाईच्या स्टँडवर तिनं विचारलं, "का थांबला हुता?"

"घाट बघत हुतो."

"कवा बघितला न्हाई व्हय घाट?" एवढंच बोलून ती कराडच्या गाडीकडं निघून गेली. पुढं महिनाभर मी फक्त गावच्या आसपासच फिरलो.

शेवटी मुलीला फोनवर एवढंच सांगितलं, की बटणं जमत नाहीत, गिअर पायानं हवा. तिनं शोधून काढलं, की या गाडीला बसणारा पायाचा दांडा वेगळा मिळतो. आठ दिवसांत खोकं घरी आलं. त्यात एक दांडा, एक छोटी डबी आणि वायर एवढंच होतं. कराडातल्या दोघा मेकॅनिकनी ते उघडून पाहिलं आणि परत बंद करून दिलं. तिसऱ्यानं सांगितलं, "हे वायरिंगचं काम हाय. सांगलीला एक बाई हायत, त्यांच्याकडं जावा."

बाईंचं दुकान मार्केट यार्डाच्या मागं होतं. चाळिशीच्या असतील. साडीवर पुरुषी शर्ट, कानावर टेस्टर खोचलेला. जतकडच्या धनगराच्या घरातल्या. पुढं त्यांनी मला सांगितलं, की वडील अजून मेंढरं घेऊन फिरतात आणि त्या आयटीआय शिकून ट्रॅक्टर-ट्रकची वायरिंग करतात. त्यांनी खोकं उघडलं, कागद वाचला, आणि गाडीकडं न बघता माझ्याकडं बघितलं.

"हात दाखवा, मेजर."

तीन वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. मी हात बाहेर काढला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला, मुठीवर ठेवायला लावला, कुठलं बोट कुठवर पोचतंय ते पाहिलं.

"ह्याच्यापेक्षा सोपं सांगू का? बटणं हिकडं सरकवून देते. करंगळीनं दाबाल. पायाची भानगडच नको."

"पायानंच पायजे मला," मी म्हणालो.

"का?"

 मग त्या घाटातलं सगळं सांगितलं. घरात कुणाला न सांगितलेलं त्या अनोळखी बाईंना सांगितलं. हात विसरून गेला, पण पाय अजून गिअर शोधतोय, असं काहीतरी बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि पाना उचलला.

"मग त्येला त्येचं काम दिऊया," त्या म्हणाल्या.

जुन्या गाडीत दांडा ओढला की आतला गिअर सरळ हलतो. इथं दांड्याचा आणि गिअरचा काही संबंध नव्हता. दांडा हलला की डबीतून नुसती खबर जाते आणि गिअर मशीन बदलतं. बाईंनी डावं कव्हर काढलं, दांडा बसवला, टाकीखालून वायर नेली. दुपारी चारला सगळं झालं. मी बसून पाय वर केला. काही नाही. खाली दाबला. काही नाही. त्यांनी वायर दोनदा तपासली. सहा वाजता त्या म्हणाल्या, "आज न्हाई व्हायचं. गाडी ठेवा. जुळल्याबिगर मी सोडणार न्हाई."

एस्टीनं घरी आलो. बायकोला वाटलं, गाडी विकूनच आलो. तिच्या चेहऱ्यावर बरं वाटलेलं दिसलं आणि मला जेवण गेलं नाही.

पाचव्या दिवशी फोन आला. "मेजर, वायरीत दोष नव्हता. ह्या गाडीला पायाचा दांडा बसवलाय हे तिच्या मीटरमदी आधी नोंदवावं लागतंय. त्या कागदात बारीक अक्षरात लिवलंय. या."

मी पोचलो तेव्हा त्यांनी मागचं चाक अधांतरी ठेवून गाडी स्टँडवर चढवली होती. माझे बूट पाहून दांडा दोन बोटं वर घेतला. इंजिन सुरू केलं. मी पाय दांड्याखाली घातला आणि उचलला. मीटरवर एकाचा दोन झाला. परत उचलला, तीन. मग खाली, खाली. जुन्या गाडीसारखा दणका नव्हता, हलकीशी टिक लागायची, पण पाय ओळखीच्या जागी होता. डोळ्यांत पाणी आलं. बाई मुद्दाम पाठमोऱ्या होऊन हत्यारं पुसत बसल्या.

"पेठनाक्यापतुर जाऊन या," त्या तशाच म्हणाल्या. "मग सांगा काय खटकतंय."

काही खटकलं नाही. नंतर डॉक्टरांचा दाखला घेऊन आरटीओत गेलो, तिथल्या इन्स्पेक्टरसमोर गाडी चालवून दाखवली, लायसनवर तशी नोंद करून घेतली. हात सगळ्यांसमोर टेबलावर ठेवला होता.

बायकोला मी एकदाही मागं बस म्हटलं नाही. रोज सकाळी हायवेच्या बाजूच्या रस्त्यानं फेरी मारायचो आणि ती गोठ्यातून आवाज ऐकायची. दिवाळीआधी एकदा तीच म्हणाली, "आवं, पोरीकडं जायचंय. येष्टीला लय गर्दी असंल."

पुण्याला गेलो, दोन दिवस राहिलो. येताना आमच्या हायवेवरचं खंडाळा गाव मागं टाकून खंबाटकीचा घाट चढायला लागलो. पुढं सिमेंटचा ट्रक गुरगुरत चालला होता. मी पायानं एक गिअर उतरवला, गाडीनं ओढ घेतली आणि ट्रक मागं पडला. माथ्यावरून उतार लागला, तसा परत एक उतरवला. वेग आपसूक बसला, ब्रेकला हात लावावा लागला नाही.

मागून बायकोनं माझ्या खांद्यावर थाप मारली. भ्याली असेल म्हणून मी हळू केली.

"हळू कशापायी?" ती कानाशी ओरडली. "चालवा की. आता पुढच्या बारीला आटपाडीला जाऊ, माझ्या भावाकडं. त्येला दावायची हाय गाडी."