उजव्या बाजूचे ओरखडे

जेवण झाल्यावर मी सोप्यातल्या फरशीवर आडवी होते. पाचच मिनिटं, असं स्वतःला बजावते. शेजारच्या कारखान्यातले माग खडखडत आहेत. डोळे मिटले की तो आवाज हळूहळू लांब जातो.

आज चहाच्या वेळेला सन्मतीभावजी येणार आहेत, गाडी न्यायला. गाडी त्यांच्या थोरल्या भावाची, म्हणजे भूपाल, माझे मिस्टर, त्यांची. त्यांना जाऊन वर्ष होत आलं. माझी शाळा गावाबाहेर आहे आणि तिकडची एसटी बंद झाली आहे. म्हणून मी त्यांचीच मोटारसायकल शिकते आहे. "वहिनी, बायकांच्या हातातली गाडी नव्हे ती," भावजी मागच्या वेळी म्हणाले होते. आणि आज सकाळीच सूतगिरणीच्या मागच्या माळावर वळताना खडीवर चाक घसरलं. गाडी उजव्या अंगावर आडवी झाली. इंजिनाचं चकचकीत कव्हर पार ओरबाडून निघालं. भावजींनी ते बघितलं की पुढं बोलायला जागाच राहणार नाही. सकाळपासून वॉटर पेपर, तो बारीक पॉलिशचा कागद, ओला करून घासते आहे, तरी ओरखडे दिसतातच.

झोप लागली की नाही कळत नाही. गाडी सोप्यात आली आहे आणि मी पुन्हा तिच्यापाशी उकिडवी बसले आहे. घासते आहे. एक ओरखडा पुसट होतो आणि कव्हरच्या कडेवरून खाली उतरतो. मी तिथं घासते. तो फरशीवर येतो. गुडघ्यांवर रांगत मी त्याच्या मागं जाते. भावजी आले तर फरशीवरचा ओरखडा कशानं झाकू, हा एकच विचार डोक्यात आहे. ओरखडा उंबरा ओलांडतो. पुढं अंगण असायला हवं, पण फिनेलचा वास येतो आणि दवाखान्याचा लांब व्हरांडा सुरू होतो. त्याच्या टोकाला मिस्टर गेले तो वॉर्ड आहे. ओरखडा कॉटखाली शिरतो.

कॉटवर भूपाल बसले आहेत. पाय खाली सोडलेले, अंगात गिरणीतला निळा शर्ट.

मी घाईघाईनं ओढणी ओरखड्यावर टाकते.

"गोल गोल घासतीयस," ते म्हणतात. "त्यानं जास्त धूसर होतं. एकाच दिशेनं घासायचं."

"अहो, तुम्ही बघू नका. होईल नीट."

"कुठल्या अंगावर पडली?"

"उजव्या. ब्रेकचा पेडलही जरासा वाकलाय. पण हँडल सरळ आहे. टाकीला काही झालेलं नाही, मी दोनदा बघितलं."

"पाय कुठं होता?"

मला प्रश्न कळत नाही. "कुणाचा?"

"तुझा गं. पाय कुठं होता तुझा?"

"मला काही लागलं नाही."

"बघितलंस?"

मी बघितलेलंच नाही.

ते कॉटवरून उतरतात. आता खाली माळावरची खडी आहे आणि कॉट नाही. ते माझ्यासमोर बसतात आणि माझ्या सलवारीची कड वर सरकवतात. मी पाय मागं घेते. नवऱ्यानं पायाला हात लावलेला कुणी बघितलं तर काय म्हणेल, असं वाटून आजूबाजूला बघते. माळावर कुणी नाही. ते एक ओला पंचा घोट्याभोवती गुंडाळतात. गारवा हाडापर्यंत जातो.

"सायलेन्सर तापलेला असतो," ते म्हणतात. "पहिल्यांदा पडलं की माणूस आधी गाडी उचलतं. मीही तेच केलं होतं. माझ्या पोटरीवर डाग होता बघ."

"तो? मी तर इतकी वर्षं जन्मखूण समजत होते."

"तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. पडलो हे कोण सांगतंय?" ते हसतात. मग एकदम मान वळवून ऐकू लागतात. "फाटक वाजलं."

"बसा ना थोडं. भावजींना काय सांगू?"

ते पंचा घट्ट दाबून धरतात. त्यांची बोटं मला दिसत नाहीत, नुसता गारवा राहतो.

फाटक खरंच वाजतं आहे. मी धडपडत उठते आणि उजवा पाय टेकताच कळ मस्तकात जाते. लंगडत दारापर्यंत पोचते तोवर भावजी अंगणात गाडीपाशी वाकलेले आहेत. कव्हरवरून बोट फिरवत आहेत.

"वहिनी, हे काय झालं?"

"पडले मी. सकाळी, सूतगिरणीच्या माळावर." मी दाराच्या चौकटीला धरते. "माझा पाय दुखतोय भावजी. आधी फ्रिजमधला बर्फ आणून द्या."

ते चमकून वर बघतात. चपला तशाच टाकून आत जातात. मी पायरीवर बसते. बर्फाचा ट्रे घेऊन येतात तेव्हा मी सलवार वर केलेली असते. घोटा निळसर, टम्म सुजलेला. त्याच्या वर पोळून टरारलेला फोड. दोघंही पहिल्यांदाच बघत असतो.

"अहो वहिनी! आणि तुम्ही तशाच घासत बसलात?" ते खाली बसतात. "चला, डॉक्टरकडं नेतो स्कूटरवरून. गाडीचं मग बघू."

"गाडी इथंच राहू दे, भावजी. शिकणार आहे मी."

भावजी एकदा गाडीकडं बघतात. बर्फ रुमालात बांधून घोट्यावर ठेवायला जातात आणि थबकतात.

"हे ओलं कशानं झालं?"

मी बघते. सलवारीचा डावा पाय कोरडा आहे. उजव्याची कड चिंब भिजलेली आहे. मी ती मुठीत धरून पिळते. पायरीवर पाण्याची धार पडते, बर्फाहून गार.