आईनं गावाला सांगितलेली लेक

आईला जाऊन वर्ष झालं. आमच्यात वर्षाची मिस्सा असते, चर्चमध्ये नाव वाचतात, मग घरी जेवण. मी यातलं काहीच केलं नाही. अविनाशला म्हटलं, दोन दिवस सुट्टी काढ, पाचगणी, वडूज आणि सांगली करून येऊ. नवरा सोळा वर्षांचा जुना, त्यामुळे त्यानं फार विचारलं नाही. फक्त म्हणाला, "ही काय सहल आहे का?" नाही. पण ब्लॉग प्रवासाचा आहे, म्हणून तशी लिहिते आहे. तुम्हाला रस्ता हवा असेल तर रस्ता घ्या, बाकीचं सोडून द्या.

आई सरकारी नर्स होती आणि कट्टर कॅथलिक. मी सातव्या महिन्यात जन्मले, वजन बघून डॉक्टरांनी मान हलवली. तेव्हा आई देवाला म्हणाली, जगली तर तुझी. मी जगले. मी सहा वर्षांची असताना तिची बदली वडूजजवळच्या एका गावात झाली, वडील आधीच गेले होते, आणि मला पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये ठेवलं. सुट्टीत आजोळी. त्या गावात आईनं एकोणीस वर्षं काढली. बदलीचा हुकूम आला की साताऱ्याला खेटे घालून रद्द करून आणायची. मला तिथे एकदाही नेलं नाही. ते गाव मला बघायचं होतं. तिथे कुणापाशी तरी तिनं माझं नाव काढलं असेल, तेवढंच ऐकायचं होतं.

पुण्याहून सकाळी सहाला निघालात तर नाश्त्याला वाईत पोचता. पसरणी घाटाचा रस्ता चांगला आहे, शनिवार-रविवार मात्र टाळा, पर्यटक वळणावर गाडी थांबवून फोटो काढतात. स्ट्रॉबेरी रस्त्यावरच्या पहिल्या टपरीवर घेऊ नका, पुढे शेतावर स्वस्त मिळते. शाळेच्या फाटकावर वॉचमननं अडवलं. "माजी विद्यार्थिनी असाल तर अर्ज आणा." फाटकाबाहेरचं बाकडं अजून आहे. महिन्यातून एका रविवारी आई तिथे बसायची. आधी माझी नखं बघायची, मग कान, मग विचारायची, "पापनिवेदन केलंस का?" कशी आहेस, हे विचारायचं राहून जायचं. मी त्या बाकड्यावर बसले नाही.

मुक्काम साताऱ्यात केला. पोवई नाक्याजवळ चौदाशेत स्वच्छ खोली मिळाली, पाणीही गरम होतं. कंदी पेढे घेतले आणि मीच निम्मे संपवले.

दुसऱ्या दिवशी कोरेगाव, पुसेगाव करत वडूज. पुसेगावच्या पुढे हिरवं कमी होत जातं आणि चहाची दुकानंही, तेव्हा पाणी भरून घ्या. गावाचं नाव देत नाही. दवाखान्याच्या आवारात साठी ओलांडलेल्या एक बाई झाडाखाली शेंगा निवडत होत्या. हिराबाई. आईच्या हाताखाली आया होत्या, आता निवृत्त, पण पाय तिकडेच वळतात म्हणाल्या.

"कुनाकडं आलाय?"

"मार्थाबाई नर्स इथे होत्या ना?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. "आवं बसा की. आमच्या मार्थाबाई? माजी दोन्ही बाळातपनं त्यांच्याच हातची. धाकटा पायाळू. पाऊस, गाडी न्हाई, काय न्हाई. ह्या आपल्या एका हातानं काम करत्यात अन् तोंडानं जप. म्या म्हनलं, बाई, माजं काय खरं न्हाई. तर म्हनल्या, तुज्या देवाला तू सांग, माज्याला मी सांगते."

दवाखान्यात भिंतीवर आईचा फोटो होता, हार घातलेला. फोटोत ती हसत होती. माझ्याकडे तिचा हसतानाचा एकही फोटो नाही.

"नाताळालाबी हितंच ऱ्हायाच्या," हिराबाई म्हणाल्या. "सगळ्या आळीला करंज्या वाटायच्या."

मला कळवायची, रजा मिळत नाही.

"लेकीचं लय कौतुक व्हतं बघा त्यास्नी."

अविनाशनं माझ्याकडे बघितलं.

"त्या मिशनच्या पांढऱ्या झग्यातल्या बायका असत्यात न्हवं, तशी झालीया ती. केरळात असती. महारोग्यांची सेवा करती. रिटायर झाल्यावरबी बाई दर यात्रेला यायच्या, तवा सांगायच्या, आता लेकीला हे काम दिलंय, आता ते दिलंय." त्या जरा थांबल्या. "आमच्यात पोरी देवीला सोडायचे, आता बंदी हाय. बाईंच्यात शिकवून सोडत्यात. ते बरं. तुमी त्यांच्या कोन?"

आता खरी गोष्ट. अठराव्या वर्षी मी नन व्हायला मठात गेले आणि तीन महिन्यांत पळून आले. पुढे अविनाशशी रजिस्टर लग्न केलं. आई आली नाही. भांडलीही नाही, भांडली असती तर बरं झालं असतं. वर्षातून एकदा, नाताळला, तिचा दोन मिनिटांचा फोन यायचा. माझी मुलगी बारा वर्षांची आहे. त्या गावात ती जन्मलेलीच नाही.

मी म्हटलं, "भाची."

हिराबाईंनी घरी नेऊन भाकरी, मटकीची उसळ आणि खर्डा वाढला. असं जेवण कुठल्या हॉटेलात मिळणार नाही. निघताना माझा नंबर घेतला आणि बाईंच्या लेकीला द्या म्हणून शेंगांची पिशवी दिली.

मायणीच्या तलावाजवळ अविनाशनं गाडी हळू केली. मग म्हणाला, "खरं का नाही सांगितलंस?"

"त्यांच्या बाई खोट्या ठरल्या असत्या."

"आणि तू?"

"मी कधीच ठरलेय."

विट्यावरून तासगाव, मग सांगली. रस्ता बरा आहे, पण उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलात की दिवस गेला. निवृत्तीनंतर आई सांगलीतच राहिली, तिथेच तिला पुरलं. कबरीवर गवत माजलं होतं. मी मेणबत्ती लावली आणि मला भयंकर राग आला. थर्मामीटर मी फोडला नाही असं लहानपणी एकदा खोटंच सांगितलं, तर तिनं मला तासभर गुडघ्यांवर बसवलं होतं. बाई, वीस वर्षं खोटं बोललीस, आणि दर महिन्याला पापनिवेदनाला जात होतीस. तिथे हे सांगत होतीस का? माझी लाज वाटत होती, हे मी समजू शकते. पण तू माझ्या जागी दुसरी मुलगी उभी केलीस आणि तिचे लाड केलेस. हे सगळं मोठ्यानं बोलले. अविनाश भडंग आणायला गेला होता, ते बरं झालं.

परतीला पेठ नाका, कराड, महामार्ग. दोन दिवसांत दोघांचा खर्च सात हजारांच्या आत. जावं का? स्ट्रॉबेरीसाठी जा, पेढ्यांसाठी जा. मेलेल्या माणसाला काही विचारायला जाऊ नका. तुम्ही गप्प बसून येता आणि ते माणूस तिथे भिंतीवर हसत असतं.

गेल्या आठवड्यात हिराबाईंचा फोन आला. धाकट्या सुनेचं पहिलं बाळंतपण आहे, डॉक्टर म्हणतात पोर आडवं आहे. "ताई, बाईंच्या लेकीला सांगा, देवाला इनवनी कर म्हनावं. तिचं ऐकल तो."

"सांगते," म्हटलं.

दोन दिवसांनी परत फोन. "सांगितलंत का वो?"

"सांगितलं. ती म्हणाली, रोज करतेय. सुनेला म्हणावं, डाव्या कुशीवर झोप, आणि घाबरू नको."

पलीकडे हिराबाई रडत होत्या. "आयवर गेलीया बाईंची पोर," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं. "अगदी आईवर गेली आहे."