धुतलेले डबे

हेलगार्ड मुंत्स कुणाच्या घरी खेळण्यातल्या आगगाड्यांची किंमत करायला गेली, की आधी हात धुवायची, कोरडे करायची आणि मगच खोक्याला हात लावायची. खोऱ्यातल्या खेळण्यांच्या कारखान्यात रंगाच्या टेबलावर तिनं एकतीस वर्षं काढली होती. नवरा गेलेल्या बायका तिला हमखास बोलवायच्या. कारण या गावचे पुरुष जन्मभर इंजिनं जमवत आणि त्यांची खरी किंमत बायकोला कधीच सांगत नसत. हेलगार्ड पैसे घेत नसे. ‘नजर देवानं दिलीय, तिचं भाडं कसलं घ्यायचं,’ असं म्हणे. जेवून मात्र जाई.

त्या सोमवारी ती एल्फ्रीडे रापकडे आली. तिचा नवरा ऑयगेन राप वारला त्याला वर्ष होत आलं होतं. वरच्या मजल्यावर एल्फ्रीडे एकटी, खाली भाडेकरू, आणि मध्ये सतरा पायऱ्या. तिचे गुडघे आता त्या पायऱ्यांना तयार नव्हते. मुलगा म्हणत होता, घर विक आणि हाम्बुर्गला ये. तिला हवी होती जिन्याच्या कठड्याला लागून सरकणारी खुर्ची, जिच्यावर बसून वर-खाली करता येतं. तिला साडेआठ हजार युरो लागणार होते, आणि ते यायचे तर या गाड्यांतूनच. स्टुटगार्टचा व्यापारी डिंकेल अकरा वाजता गाड्या बघायला येणार होता.

“बरं झालं तुम्ही आधी आलात, मुंत्सबाई,” एल्फ्रीडे म्हणाली. “बघा, कशा लखलखताहेत.”

टेबलावर पांढऱ्या चादरीवर पत्र्याचे अकरा डबे ओळीनं मांडले होते. हेलगार्डनं एक उचलला, उजेडात फिरवला आणि हळूच खाली ठेवला. खिडक्यांखालची सोनेरी अक्षरं जवळजवळ पुसून गेली होती.

“कशानं धुतलेत?”

“सोड्याच्या पाण्यानं. शनिवारी साफसफाईची पाळी माझी होती, झाडूची पाटी माझ्याच दाराला लटकत होती. जिना झाला, तळघर झालं, अंगण झालं. म्हटलं, हेही उरकून घेऊ. परका माणूस घरात येणार, त्याला काय धुळीनं माखलेलं दाखवायचं?”

“धूळ मऊ ब्रशनं झटकायची असते, रापबाई. तुम्ही अक्षरंच धुऊन काढलीत. जमवणारे त्या अक्षरांचेच पैसे देतात.”

एल्फ्रीडे खुर्चीत बसली. तिनं एप्रनचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. “म्हणजे हाम्बुर्ग,” ती म्हणाली. “तिथं धड पावसुद्धा मिळत नाही.”

“इंजिनं कुठायत?”

“खोक्यांतच. ती काढणार तेवढ्यात चर्चची संध्याकाळी सहाची घंटा झाली, रविवार सुरू झाल्याची. मग बादली ओतून दिली आणि पाटी खालच्यांच्या दाराला लावून आले. रविवारी मी या घरात कधी फडकं भिजवलेलं नाही.”

हेलगार्डच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू उमटलं. “देवानं तो दिवस नेमला तो काही उगाच नाही. आणा ती खोकी.”

सहा इंजिनं होती. प्रत्येक तिनं उलटं करून पाहिलं, चाकं बोटानं फिरवली, जुन्या धातूला कुठं केसाएवढी चीर गेलीय का ते कानाकडे धरून टिचकीनं तपासलं. पाच बरी होती. सहावं होतं लांबलचक हिरवं, दोन्हीकडे नाक काढलेलं, ज्याला सगळे मगर म्हणतात ते. खोकं मूळचं, आतला पुठ्ठाही जागेवर. ते तिनं हातात बराच वेळ धरून ठेवलं.

“हीच तुमची खुर्ची,” ती म्हणाली.

डिंकेल अकराला पाच कमी असताना आला. त्यानं दारातूनच डब्यांवरून नजर फिरवली. “वा, काय जपलेत.”

एल्फ्रीडेनं हेलगार्डकडे बघून ओठ घट्ट मिटले. ‘गप्प बसा’ याहून स्पष्ट सांगता आलं नसतं.

“जपलेले नाहीत, धुतलेत,” हेलगार्ड म्हणाली. “पाव किमतीनं धरा.”

डिंकेलनं चष्मा खाली ओढून तिच्याकडे पाहिलं. विकणाऱ्याच्या बाजूच्या बाईला असं बोलताना त्यानं ऐकलं नव्हतं. मग त्यानं मगर उचलली. “हिचं छप्पर मात्र नंतर रंगवलंय. हा हिरवा कारखान्याचा नाही, फार काळपट आहे.”

“ही बनली त्या हिवाळ्यात रंगाची पिंपंच काळपट आली होती. छप्पर उघडा. स्क्रूच्या खाचेला ओरखडा आहेच, ऑयगेन तेल घालायला ते उघडायचा. आतून बघा. ब्रशवरचा जादा रंग आम्ही आतल्या बाजूला टेकवायचो, नाहीतर कडेला थेंब येतो. बाकीच्या बायका डावीकडे टेकवायच्या. अशा लांब नाकाची इंजिनं आमच्यातल्या डावखुऱ्या गुडरुनकडे असायची. तुम्हाला उजव्या कोपऱ्यात ठिपका दिसेल, आणि तोही असाच काळपट.”

डिंकेलनं छप्पर उघडलं. भिंग लावलं. ठिपका उजव्या कोपऱ्यात होता आणि त्याचा रंग छपराच्या रंगाशी तंतोतंत जुळत होता.

“हे कुठल्याच यादीत लिहिलेलं नाही,” तो म्हणाला.

“यादी लिहायला आम्हाला कुणी बसवलंच नाही.”

त्यानं छप्पर बसवलं आणि डब्यांकडे बोट केलं. “डब्यांचं तुम्ही आपणहून सांगितलंत. म्हणून मगरीचं आता आणखी काही विचारत नाही. सगळं मिळून नऊ हजार.”

“रापबाई सांगतील,” हेलगार्ड म्हणाली.

एल्फ्रीडेनं एकदा जिन्याकडे पाहिलं. “एक धुतलेला डबा मी ठेवणार. बाकी न्या.”

डिंकेल गेल्यावर तिनं मसुराची आमटी आणि घरच्या शेवया वाढल्या. “मी ओठ मिटले तेव्हा तुमचा राग आला होता हो.”

“दिसला होता. आणखी थोड्या शेवया वाढा.”

पाच आठवड्यांनी खुर्ची बसली. पहिल्याच शनिवारी झाडूची पाटी एल्फ्रीडेच्या दाराला होती. हेलगार्ड सहज म्हणून डोकावली, तर एल्फ्रीडे खुर्चीत ताठ बसलेली, मांडीवर बादली, हातात लांब दांड्याचं फडकं. एक पायरी पुसायची, बटण दाबायचं, खुर्ची खाली सरकायची, की पुढची पायरी.

“बाजूनं या, मुंत्सबाई,” ती वरूनच म्हणाली. “ओलं आहे. आणि सहाच्या आत व्हायला हवं.”