पंचनाम्यावरची सही

हिंदुराव भोईटे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात छत्तीस वर्षं फिटर होते. निवृत्तीनंतर त्यांनी बोपोडीत दोन खोल्या घेतल्या. सरकारी नोकरीतला, चार माणसांत ऊठबस असलेला माणूस म्हणून गल्लीत त्यांचा शब्द मानला जाई. म्हणूनच शेजारच्या सुंदराबाईंच्या घराची झडती घ्यायला पोलीस आले, तेव्हा पंच म्हणून त्यांनी हिंदुरावांनाच हाक मारली.

सुंदराबाईंची मुलगी ऋतुजा कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची. गल्लीपलीकडची नदीकाठची घरं हलवण्याच्या नोटिसा आल्या, तेव्हा तिने बायकांना गोळा करून तीन आठवडे धरणं धरलं होतं. झडती दोन तास चालली. हिंदुराव दारातच उभे होते. पुस्तकं, पत्रकांचा गठ्ठा आणि लॅपटॉप बाहेर निघालेला त्यांनी पाहिला. शेवटी अधिकाऱ्याने लिहिलेले कागद पुढे केले आणि फक्त सही करा म्हणून सांगितलं. चष्मा घरी राहिला होता. पोलिसांना थांबवून तो आणायला जाणं त्यांना बरं दिसेना. त्यांनी सही केली.

ऋतुजावर दहशतवादविरोधी कायद्याची कलमं लागली. पत्रकातलं ‘पेटून उठा’ हे चिथावणी ठरलं. पोलिसांच्या कागदांवरून आरोप वरवर जरी खरा वाटला, तरी या कायद्यात जामीन मिळत नाही. आधी खालच्या कोर्टाने नाही म्हटलं, मग वरच्याने. सुंदराबाई येरवड्याला भेटीला जात. धरण्यात शेजारी बसलेल्या बायका आता त्यांच्या दारावरून मान खाली घालून जात. पुढच्या वर्षी नदीकाठची घरं पाडली गेली, तेव्हा कुणीही रस्त्यावर बसलं नाही.

दीड वर्षाने ऋतुजाच्या वकीलबाई हिंदुरावांकडे आल्या. त्यांनी पंचनाम्याची प्रत समोर ठेवून विचारलं, “काका, पेन ड्राइव्ह कुठून निघाला?”

हिंदुरावांनी चष्मा लावून यादी वाचली. अकराव्या ओळीत कपाटातून मिळालेल्या पेन ड्राइव्हची नोंद होती. बंदी घातलेल्या संघटनेची पत्रं त्यातच सापडली होती. पानाखाली त्यांची सही होती.

“मी पाहिला नाही,” ते म्हणाले.

“हे कोर्टात लिहून द्याल?”

विचार करून सांगतो, असं ते म्हणाले. मुक्ताईंनी, त्यांच्या पत्नीने, स्पष्टच विरोध केला. नातू अभिनव सैन्यभरतीची तयारी करत होता, त्याच्या पोलीस पडताळणीचं काय होणार? गोष्ट पोलिसांच्या कानावर गेली असावी, कारण चारच दिवसांत झडतीचा अधिकारी साध्या कपड्यांत घरी आला. चहा घेतला, तब्येत विचारली. उठताना म्हणाला, “काका, या कायद्यात मदत करणाराही येतो. वडीलधारे आहात म्हणून सांगतो.”

तो गेल्यावर हिंदुरावांनी दाराला कडी घातली. मग ते मुक्ताईंना म्हणाले, “मी नुसतं खरं सांगतो म्हटलं, तर हा घरी येऊन धमकावून गेला. त्या पोरीने आत कसे दिवस काढले असतील?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रतिज्ञापत्र केलं. झडतीत पेन ड्राइव्ह दिसला नाही, असं त्यात लिहिलं; पंचनामा न वाचता सही केली, ही दुसरी ओळ त्यांनी स्वतः आग्रहाने घालायला लावली. अभिनव महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही.

ऋतुजाला साडेतीन वर्षांनी जामीन मिळाला, तोही खटला सुरू व्हायची चिन्हं नाहीत म्हणून. पंचाचं म्हणणं खटल्याच्या वेळी पाहू, असं कोर्टाने म्हटलं. पुणं सोडायचं नाही, दर सोमवारी हजेरी लावायची, सभेला जायचं नाही, अशा अटी होत्या.

ती घरी आली तेव्हा केस पांढरे झाले होते. हिंदुरावांनी दारात हात जोडले. “माझ्या सहीने तुझी वर्षं गेली.”

“तुमच्या एकट्याच्या नाही, काका,” ऋतुजा म्हणाली. “पण वाचायला हवं होतंत.”

त्यांनी मान हलवली. तिने त्यांना आत बसायला सांगितलं आणि सुंदराबाईंनी पाणी आणलं.

खटला अजून उभा राहिलेला नाही. हिंदुराव आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. मध्यंतरी छातीत दुखलं, तर डॉक्टरांना त्यांनी एवढंच विचारलं, की साक्ष द्यायला किती वर्षं हातात आहेत.